भीमा सदनातला अविराज

ताट घेऊन मी चुकून भीमाच्या मेसमध्ये शिरले, आणि शंभरेक चमचे एकदम ताटांवर वाजायला लागले.

"नीराची हाय रं, नीराची!"

बारामतीच्या आमच्या शेती कॉलेजात नुसतं होस्टेल नव्हतं. दोन सदनं होती. नीरा आणि भीमा, इथल्या दोन नद्यांच्या नावांची, दोन्हींत मुलं-मुली. मेस वेगळी, घोषणा वेगळ्या, टी-शर्टचे रंगसुद्धा वेगळे. मी मूळची कळंबची. पण महिनाभरात कुणी विचारलं, की तोंडातून आपोआप 'नीराची' निघायचं.

एक उंच मुलगा हसत उठला. "गप रं, पाव्हणी हाय. बसा. आमची आमटी तुमच्यावानी पाणचट न्हाय."

"आमची पाणचट?" मी चिडून तिथंच बसले... आणि दोन वाट्या आमटी प्यायले!

तो डाळजचा अविराज. मग तो रोजच दिसू लागला – ग्रंथालयात, रोपवाटिकेत, माझ्या शेजारच्या वाफ्यावर.

"नीरा शेवटी भीमेलाच मिळती. नरसिंहपूरच्या संगमावर जाऊन बघ."

"बघितलंय. तिथवर स्वतःच्या जोरावर जाते ती."

तो माझ्याकडं बघतच राहिला. माझ्या हातातलं रोप उलटं लागलं.

सदन-चषकाच्या रस्सीखेचीआधी त्यानं एक कागद पुढं केला. "सदन बदलायचा अर्ज. पुढच्या वर्षी नीरात येतो... तुझ्याकडं."

मी हसून कागदावर वाकले. पण मागं भीमाची पोरं त्याच्याच नावाचा गजर करत होती.

"आणि ही पोरं?"

त्याचा आवाज उतरला. "टायफॉइड झालता, तवा आळीपाळीनं उशाशी बसली व्हती."

"त्यांना सोडून येणार? मग उद्या मलाही सोडशील." मी श्वास घेतला. "मला तू आवडतोस, अविराज. पण भीमाचा. फाड तो अर्ज."

त्यानं तो टराटरा फाडला. काही बोलणार, तोच शिट्टी वाजली.

दोर ताणला. त्या टोकाला तो, या टोकाला मी. तळहात सोलवटले, टाचा मातीत रुतल्या... आणि एका हिसक्यासरशी अख्खी भीमा आमच्या बाजूला कोसळली. आम्ही जिंकलो!

तो धुळीतच उठून बसला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "अबोली, मलाबी तू लय आवडतीस!"

मग भीमाच्या पोरांनी त्यालाच खांद्यावर उचललं.

नीराच्या पोरी घसा फोडून घोषणा देत होत्या. मला मात्र एकही आठवेना.