मनोरीला मागितलेली झोप

शनिवारी दुपारी सहदेव घराबाहेर पडला तो झोप आणायला. माणसं भाजी आणायला जातात, औषध आणायला जातात. हा गडी पाठीवर सॅक लावून मार्व्याच्या जेट्टीवरून मनोरीच्या बोटीत बसला, कारण दिंडोशीच्या घरात त्याला झोप मिळत नव्हती. घरात तसं काही कमी नव्हतं. दिवाण होता, डोक्यावर पंखा होता, बायको रुचिरा रोज तळपायांना तेल चोळत होती. आईने, म्हणजे प्रेमाबाईंनी, उशीखाली सुरीसुद्धा ठेवून पाहिली. पण पाठ टेकली की डोळे टक्क उघडे, आणि ते कावळे ओरडेपर्यंत तसेच.

नुसतं जागरण असतं तर त्याने कसंबसं रेटलं असतं. पण सहदेव शाळेची बस चालवायचा. कालच दिंडोशी कोर्टाजवळच्या उतारावर, भर उन्हात, पोरांनी भरलेल्या बसमध्ये त्याचा डोळा लागला. मुलांना सांभाळणाऱ्या लताबाई किंचाळल्या म्हणून पाय ब्रेकवर गेला. बस थांबली तेव्हा समोरच्या रिक्षाच्या आणि बसच्या मधे हात घालायला जागा नव्हती. पोरांना वाटलं ड्रायव्हरकाकांनी गंमत केली. ती खिदळत होती आणि पहिल्या सीटवर त्याची स्वतःची मुलगी, सात वर्षांची अपूर्वा, सगळ्यांत जोरात हसत होती.

लताबाई हसल्या नाहीत. "आज मी गप्प बसते," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी झोपून ये. नाहीतर मी स्वतः जाऊन मॅडमना सांगणार."

सहदेवला त्यांचा राग आला नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

उपाय सुचवला विकीने. विकी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. हौशी लोकांना रानात, किनाऱ्यावर तंबूत राहायला घेऊन जाणं हा त्याचा धंदा. "शहरात झोप येतच नाय रे," तो म्हणाला. "चल माझ्याबरोबर. एक रात्र मोकळ्या हवेत काढ. मुडद्यासारखा झोपशील, गॅरंटी."

मनोरीची वस्ती संपते, कॉटेजेस मागे पडतात, आणि मग सुरूच्या झाडांची एक दाट रांग लागते. तिच्यापलीकडे खडकाळ माळ आहे आणि खाली समुद्र. ही जागा अंजनाबाई नावाच्या कोळीणबाईंची. विकीने फोन करून आधीच विचारलं होतं. बाई वाटेतच भेटल्या. त्यांनी दोघांना आणि त्यांच्या बोजाला नीट पाहून घेतलं.

"लावा तंबू," त्या म्हणाल्या. "आमची मानसं इथं जाली सुकवतात. निजत कोनी नाय."

"का हो मावशी?" विकीने विचारलं.

"निजायला घर हाय ना," असं म्हणून बाई चालत्या झाल्या.

विकी हसला. मग तो कामाला लागला, आणि सहदेव बघतच राहिला. नुसतं झोपायचं, पण एवढी तयारी त्याने लग्नातही पाहिली नव्हती. विकीने आधी जमीन हातांनी चाचपली, एकेक खडा वेचून फेकला. कुठल्या बाजूला उतार आहे ते स्वतः आडवं होऊन पाहिलं आणि डोकं चढाकडे येईल असा तंबू फिरवला. खाली चटई, तिच्यावर हवेची गादी. रात्री उपाशी झोपायचं नाही, पोटात काही असलं की अंग गरम राहतं. पाय धुवून कोरडे मोजे घालायचे. गरम पाण्याची बाटली पायथ्याशी ठेवायची. एक ना दोन.

"भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात," सहदेव म्हणाला. "तू तर धोंडे वेचून टाकतोयस."

"म्हणणाऱ्याला खडा टोचला नसेल," विकी म्हणाला.

सूर्य पाण्याला टेकला होता. सुरूच्या काड्यांमधून वारा सूं सूं करत होता, आणि उन्हात तापलेल्या जुन्या जाळ्यांचा खारट, उग्र वास माळावर पसरला होता. सहदेवला एकदम वडील आठवले. वडील मालवणकडचे, गिरणीत नोकरीला आलेले. परक्या जागेत अंथरूण टाकायचं तर आधी तिथल्या राखणदाराला, डोळा न मिटता जागा राखणाऱ्या अदृश्य जागेवाल्याला, गाऱ्हाणं घालायचं ही त्यांच्या घरची रीत. एकाने उभं राहून मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. शेवटी काय देणार ते नाव घेऊन सांगायचं, नारळ तर नारळ, केळी तर केळी. मागणं लांबलं तरी चालेल, पण देणं मोकळं सोडू नये, असं वडील बजावायचे.

"विकी, मी गाऱ्हाणं घालतो. मी थांबलो की तू 'होय म्हाराजा' म्हणायचं."

"घाल ना. त्याने झोप येत असेल तर नाचतो पण," विकी चिवड्याचा बकाणा भरत म्हणाला.

सहदेव सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभा राहिला. हात जोडले. सुरुवातीला त्याला जरा लाज वाटली, मग वडिलांचा सूर आपोआप लागला.

"बा जागेवाल्या म्हाराजा, आज आमी तुझ्या जाग्यात इलो आसव..."

"होय म्हाराजा," विकी भरल्या तोंडाने म्हणाला.

"चुकला माकला पोटात घाल. आमका सुखाची झोप दे..."

"होय म्हाराजा."

आता देणं. नारळ आणायचा राहिलाच होता. गावातलं दुकान लांब, आणि अंधार पडत आलेला. केळी कबूल करावीत तर तीही नाहीत. सहदेव क्षणभर अडला. मग त्याच्या डोळ्यांपुढे तो उतार आला, ती रिक्षा आली, पहिल्या सीटवरचं ते हसणं आलं, आणि त्याचा बांध फुटला.

"म्हाराजा, माझ्या घरातला तुका काय व्हया ता घे. पण माका झोप दे रे... माका झोप दे."

"होय म्हाराजा," विकी म्हणाला आणि त्याने बाटली तोंडाला लावली.

तो पाणी पीत असतानाच झाडांतून आणखी एकदा आलं. हळू, घोगरं, गावाकडचे म्हातारे म्हणतात तसं लांबवलेलं... होऽय.

"ऐकलंस?" सहदेवने विचारलं.

"काय?"

"कोणीतरी... होय म्हणालं."

"मीच म्हणालो ना यार."

वारा पडला होता. सुरूची एक काडी हलत नव्हती. आपण भलतंच बोलून गेलो हे सहदेवला कळलं. शब्द मागे घ्यावेत, नारळ कबूल करावा, उद्या आणून देईन म्हणावं, म्हणून त्याने तोंड उघडलं. आणि नेमकी तेव्हाच त्याला जांभई आली. कित्येक महिन्यांत आली नव्हती अशी भरगच्च जांभई, जबडा दुखेल एवढी. डोळ्यांत पाणी आलं. सगळं अंग सैल पडलं. सकाळी उठून बोलू, असं म्हणत तो तंबूत शिरला. जेवायलासुद्धा थांबला नाही.

ती झोप कशी होती ते त्याला सांगता आलं नसतं. ना स्वप्न, ना कूस बदलणं, ना लाटांचा आवाज. लहानपणी आईच्या मांडीवर यायची तशी होती, एवढंच फार तर म्हणता आलं असतं.

जाग आली ती कानफटात बसल्यामुळे.

तोंडावर खारं पाणी होतं. शर्ट भिजला होता. तो तंबूच्या बाहेर उघड्यावर पडला होता, ऊन चांगलं चढलं होतं, आणि विकी त्याच्या छातीवर वाकून रडत होता. विकीला रडताना सहदेवने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आहेस ना रे... बोल काहीतरी."

"काय झालं?"

"काय झालं काय? सकाळपासून हलवतोय तुला. नाक दाबलं, चिमटे काढले, ओढत बाहेर आणलं. तुझ्या उघड्या डोळ्यावरून मुंगळा चालत गेला. तू हललास पण नाय."

"उघड्या?"

"मी उघडून बघितला ना. मला वाटलं तू गेलास."

सहदेव उठून बसला. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. डोकं स्वच्छ, हातापायांत नवी ताकद. त्याला खरं तर हसू येत होतं. "अरे, झकास झोपलो," तो म्हणाला.

विकी हसला नाही. त्याने फोन पुढे केला. "रुचिराचे रात्रीपासून फोन येतायत, मी सकाळी पाहिले. मी काय सांगणार होतो तिला? तूच बोल."

रुचिराचा आवाज बसला होता. "अपू झोपत नाहीये."

"बरं नाही का तिला?"

"ताप नाही. रडत नाही. काल दिवेलागणीला जेवता जेवता ताट टाकून उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. अजून तिथेच आहे. आत आणली की परत जाते. खालच्या डॉक्टरांनी औषध दिलं, काही फरक नाही. सहदेव, ती डोळे मिटत नाही."

"म्हणजे झोपत नाही ना?"

"मिटत नाही रे..." रुचिरा म्हणाली. "पापणी लवत नाही तिची."

दिवेलागणी. तो तंबूत शिरला तीच वेळ. तंबू, गाद्या, सगळं विकीवर टाकून तो सुरूच्या रांगेतून धावत सुटला. धावताना त्याला एकदाही धाप लागली नाही, इतका तो ताजातवाना होता, आणि त्या ताजेपणाचीच त्याला किळस येत होती. बोट, रिक्षा, पुन्हा रिक्षा. दिंडोशीला पोचला तेव्हा दुपार झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार सताड उघडं होतं. अपूर्वा उंबऱ्यावर मांडी घालून बसली होती, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. डोळे लाल नव्हते, थकलेले नव्हते. ती जिन्याकडे बघत होती, वर येणाऱ्याला नीट पाहून घेत होती.

"अपू, आत चल बाळा."

"नको. येणारे-जाणारे दिसणार कसे?"

"कोणी सांगितलं तुला इथे बसायला?"

"ते दमलेत बाबा," अपूर्वा समजुतीच्या सुरात म्हणाली. "खूप वर्षं झाली, त्यांना कोणी झोपूच दिलं नाही. आता मी आहे ना जागी. तू पण झोप."

सहदेवने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही. आत रुचिरा भिंतीला टेकून उभी होती, आणि प्रेमाबाई देवापुढून उठून आल्या. त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला आणि एकच विचारलं.

"जागेवाल्याक काय देऊक सांगलंस?"

"नारळ नव्हतो गे आये..."

"मगे काय बोललंस?"

"घरातला... काय व्हया ता घे म्हटलंय."

प्रेमाबाई मटकन खाली बसल्या. पण ती बाई खमकी. पुढच्याच क्षणाला उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि सोललेला नारळ आणून त्यांनी सहदेवच्या हातात कोंबला. "दिस बुडाच्या आदी परत जा. पाया पड. सांग, माझी चुकी झाली, ह्यो नारळ घे आनि माझ्या चेडवाक सोड."

"जातो," सहदेव म्हणाला. बोट मिळणार होती, वेळ होता, अंगात ताकद होती. आता रात्रभर त्या माळावर नाक घासावं लागलं तरी त्याची तयारी होती. त्याने नारळ छातीशी धरला आणि दाराकडे पाऊल टाकलं.

आणि त्याला जांभई आली.

"सहदेव?" रुचिरा म्हणाली.

"काही नाही... जातो." पण जीभ जड झाली होती. दुसरं पाऊल टाकताना गुडघा वाकला. नारळ हातातून सुटला आणि जिन्यावरून एकेक पायरी ठोकत खाली गेला. सहदेवने स्वतःच्या दंडाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं, दुखलं नाही. ज्या झोपेसाठी तो महिनोन् महिने तळमळला होता ती आता चारी बाजूंनी येत होती, आणि तो लहान पोरासारखा रडत तिला नको नको म्हणत होता. रुचिराने आणि आईने त्याला धरलं, पण त्याचा भार त्यांना पेलेना. तो कोलमडला तो दिवाणावरच.

"ऊठ ना रे," रुचिरा त्याचे गाल थोपटत होती. "पाया पडते तुझ्या, झोपू नकोस."

त्याला ऐकू येत होतं. अजून दिसतही होतं. समोर रुचिरा, तिच्यामागे हात जोडून उभी असलेली आई, आणि पलीकडे उंबऱ्यावर अपूर्वाची ताठ पाठ. घरात आणखी कुणी नव्हतं. त्याच्या मागे फक्त भिंत होती.

मागच्या बाजूला गादी खचली. हळूहळू, जडपणे, हाडं मोडलेलं माणूस टेकतं तशी. त्याच्या पाठीला एक थंड, रुंद पाठ येऊन लागली, आणि कुणीतरी फार मोठा सुस्कारा सोडला.

रुचिराने तो ऐकला असावा. तिचा हात त्याच्या गालावरच थांबला, आणि नजर त्याच्यावरून भिंतीकडे गेली. मग ती ओरडली.

उंबऱ्यावरून अपूर्वाने फक्त मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई, हळू," ती म्हणाली. "दोघं झोपलेत."