हार्कर खिंडीतला थांबा

त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. नव्याने उभं केलेलं आमचं जुनं डिझेल इंजिन हार्कर खिंडीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. नोव्हेंबरातली दुपार. यॉर्कशरचं दाट धुकं. केबिनमध्ये डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता.

शेजारच्या आसनावर एनिडकाकू बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी, क्लिफर्डनी, नोकरीत बावीस वर्षं हेच इंजिन चालवलं. ते भंगारात निघालं तेव्हा आम्हा हौशी मंडळींना गोळा करून त्यांनीच वाचवलं. अठरा वर्षं दर शनिवारी येऊन गंज खरवडला. इंजिन सुरू व्हायला तीन आठवडे राहिले असताना क्लिफर्ड वारले.

"एवढा जीव का लावला त्याने याला, माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

"आवड होती त्यांना."

"आवड कसली, रेमंड! डोळ्यांसमोर नको असायचं त्याला हे." काकू बाहेर बघत राहिल्या. "खिंडीत विल्फ हेब्डन रूळ तपासत होता. असंच धुकं. क्लिफला तो दिसलाच नाही, याच इंजिनाखाली आला... चौकशीत कुणी दोष दिला नाही. पण हा म्हणायचा, एकदा तरी हे इंजिन तिथं थांबवायचंय मला."

मी वेग थोडा कमी केला. 

खिंड आली. दोन्हीकडच्या खडकांत इंजिनाची घरघर घुमू लागली. तेवढ्यात डोक्यावरची घंटा वाजली. एकदाच. इंजिनाच्या मागच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या केबिनमधून 'थांब' अशी खूण.

मागे कुणी नव्हतं. आणि घंटेची तार तर मी अजून जोडलीच नव्हती...

तरी हात ब्रेककडे गेला. इंजिन थांबलं.

"काकू..."

"बोलू नकोस," त्या कुजबुजल्या.

खडीवर पावलं वाजली... जड बुटांची, सावकाश. मागचं दार उघडलं. लागलं. मग बराच वेळ काहीच नाही. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

घंटा पुन्हा वाजली. दोनदा. म्हणजे निघा.

"चल रे आता," काकू म्हणाल्या. गाल ओले होते, आवाज मात्र शांत.

शेडमध्ये परतल्यावर मी मागच्या केबिनकडे गेलो. दाराला माझंच कुलूप होतं. उघडलं. ड्रायव्हरचं आसन कोरडं. शेजारचं ओलंचिंब, मधोमध दबलेलं...

मी बघत असतानाच ती गादी हळूहळू वर आली.