बेटावर न विचारायचा प्रश्न

मंजुळाच्या पत्राला संतराम मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. कितीदा दौत उघडली, टाक बुडवला, नि शाई टाकावरच वाळून गेली... प्रश्न साधाच होता. अवघड होतं ते शिरड शहापुरात राहून त्याचं उत्तर देणं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. हिंगोलीचे लाकडाचे व्यापारी गुलाम नबी अंदमानला माल पाहायला निघाले आणि इंग्रजी पत्रं लिहायला मास्तरांना सोबत घेऊन गेले. पोरांना नकाशावर जे ठिपके दाखवायचे, त्यांवर मास्तर खरोखर उतरले. समोर रॉस बेटावर साहेबांचे बंगले, बँडचे सूर. अलीकडे तुरुंगाच्या लांबच लांब भिंती. आणि मधे असा निळा समुद्र, की बघता बघता लाट आली नि मास्तरांची एक वहाण घेऊन गेली. "अरे, माझी वहाण!" मास्तर ओरडले.

"अवो मास्तर, समुद्राला एकच काहून दिली? दोन्ही द्यायच्या!"

गुडघाभर पाण्यात एक मुलगी वहाण उंच धरून हसत होती. इतक्या दूर मराठी ऐकून मास्तरांचे कान तापले.

"मास्तर आहे हे... कसं ओळखलं?"

"ऊन न्हाई, पाऊस न्हाई, अन् छत्री उघडी!"

"तुमी कोण्या गावच्या?"

"इथलीच. मंजुळा. बा वाशिमकडचा."

"मग ते इकडं कसे आले?"

आपल्याकडे पाण्याचा तांब्या हातात देतानाही माणूस हेच विचारतो. पण तिचं हसू मावळलं. वहाण वाळूवर ठेवत ती म्हणाली, "या बेटावर समदं विचारावं, मास्तर. कुणाचा बाप कसा आला, हे न्हाई विचारत."

शिक्षा भोगून तिथंच राहिलेल्यांची ती वस्ती. तिथली ही एवढी एकच रीत, पण सगळे पाळत.

मास्तर रोज माफी मागायला किनाऱ्यावर जात आणि न मागताच परतत. पाऊस आला की दोघं एका छत्रीखाली... मधे हातभर अंतर.

"छत्री समदी माझ्यावरच. तुमी भिजून राहिले ना!"

"मला पाऊस आवडतो."

"खोटं! चष्मा पुसून पुसून थकले."

जहाज सुटायच्या आदल्या संध्याकाळी ती आपणहून बोलली. "बांधाच्या भांडणात बानं चुलत्याला मारलं. कुऱ्हाडीनं. तुमी पुन्हा विचारलं न्हाई, म्हणून सांगितलं."

मास्तरांना हात पुढे करायचा होता. त्यांनी छत्री मिटली.

मास्तर गावी परतले, मग तिचं पत्र आलं. मराठीच, पण तिच्या शाळेतल्या उर्दू अक्षरांत. 'तुमच्या गावात पहिलं विचारतील, कुणाची पोरगी? तवा तुमी काय सांगाल? सांगता येत असंल तर लिवा. मी येते.'

मास्तर लाजत, भीत राहिले. तोवर जपान्यांनी बेटं घेतली; टपाल बंद. वर्गात नकाशा शिकवताना त्या ठिपक्यांपाशी आली की छडी झटकन पुढे सरके.

लढाई संपून वर्ष उलटल्यावर गुलाम नबी म्हणाले, "जहाजं चालू झाली, मास्तर. मगर वहां बहोत लोग मरे."

मास्तर सरळ घरी आले. थोरली विधवा बहीण, द्वारकाबाई, तूर पाखडत होती.

"अक्का, एक मुलगी आहे... असली तर."

"कुणाची?"

"बाप खून करून काळ्या पाण्यावर गेलेला. मला तिलाच आणायचंय. कुणी विचारलं तर हेच सांगणार."

सूप थांबलं.

"लोक आपल्या घरचं पाणी पेणार न्हाईत, संतू."

"व्हय."

"तसं आताबी कोण येऊन राहिलं म्हणा." थोड्या वेळानं सूप पुन्हा हललं. "खाती काय ती?"

"मासळी."

"बाई बाई! मंग एक चूल अंगणात मांडावी लागंल."

गाव निजामाच्या राज्यात; तिथलं टपालाचं तिकीट राज्याबाहेर चालत नसे, म्हणून मास्तर हिंगोलीच्या इंग्रजी टपालात गेले. पत्र त्यांनीही उर्दू अक्षरांतच लिहिलं होतं. 'अक्कानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. तू एकटी येऊ नको, मी न्यायला येतो.'

टपालबाबूंनी पत्ता वाचला. "अंदमान? पत्ता लढाईच्या आधीचा असंल. माणूस हाय का तिथं?"

"ठाऊक न्हाई," मास्तर म्हणाले, आणि पाकीट डब्यात सोडलं.