सुटलेल्या कळीची न पोचलेली बातमी

डॉक्टर गुल्हाने बाईंनी विचारलेला प्रश्न अगदी सोपा होता.

"वामनराव, तुमचं पूर्ण नाव सांगा."

आबांनी उजव्या हाताच्या एका बोटाने कीबोर्डवरची एक कळ दाबली. टेबलावरचं बोलकं यंत्र (पडद्यावर उमटलेलं वाक्य मोठ्याने वाचणारं यंत्र) आबांच्याच आवाजात म्हणालं, "चहात साखर कमी घाल."

आबांनी मान जोरात हलवली आणि पुन्हा तीच कळ दाबली. "चहात साखर कमी घाल," यंत्र म्हणालं.

डॉक्टर बाईंनी शाल्मलीच्या बाबांना व्हरांड्यात बोलावलं. शाल्मली दाराशीच होती, तिला सगळं ऐकू आलं. मेंदूत पुन्हा रक्ताची गाठ झाली असावी, नागपूरला हलवावं लागेल, आणि तिथे सध्या हे यंत्र त्यांच्यापुढे न ठेवलेलंच बरं, त्याने ते जास्त चिडतात. बाबा खाली बघत नुसते "हो" म्हणाले. बाई गाडी मागवायला फाटकाकडे गेल्या.

आबा, म्हणजे शाल्मलीचे आजोबा, आयुष्यभर उपग्रहांकडून येणारे संदेश टिपण्याचं काम करून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, त्यात डावा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. आबा डावखुरे, त्यामुळे लिहिणंही गेलं. तेव्हापासून अमरावतीच्या त्या घरात आबांचं बोलणं म्हणजे हा बिनतारी कीबोर्ड आणि हे यंत्र. रोज सकाळी लागणारं चहाचं वाक्य पुन्हा पुन्हा लिहावं लागू नये म्हणून शाल्मलीनेच ते कॉपी करून ठेवलं होतं.

ती आबांजवळ जाऊन बसली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर नेहमीसारखीच होती. समोरच्याला नीट ओळखणारी.

"आबा, तुम्ही मुद्दाम ते वाक्य लिहिलंत?"

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"नाव लिहीत होता?"

होकार. त्यांनी व ची कळ दाबून दाखवली. पुन्हा साखर. मग प ची कळ दाबली, तर पडद्यावर छपाईची चौकट उघडली. ती बंद करून त्यांनी पुन्हा प दाबला. पुन्हा छपाईचीच चौकट.

शाल्मलीला एक गोष्ट खटकली. गोंधळलेला माणूस दर वेळी वेगळी चूक करील. इथे एका कळीला दर वेळी एकच चूक होत होती.

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि व ची कळ स्वतःच्या बोटाने दाबली.

"चहात साखर कमी घाल," यंत्र म्हणालं.

सकाळपासून घरातल्या प्रत्येकाने आबांकडे निरखून पाहिलं होतं, पण ती कळ स्वतः दाबून पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"सोबती, इकडे ये," तिने हाक मारली. सोबती हा त्यांच्या घरचा मदतनीस यंत्रमानव. आबांची औषधं, स्वच्छता आणि नाडी तपासणं त्याच्याकडे होतं. "आबा गोंधळलेत असं तू डॉक्टरांना कळवलंस. कशावरून?"

"त्यांची उत्तरं प्रश्नाशी जुळत नव्हती," सोबती शांतपणे म्हणाला. "कीबोर्डही मी तपासला होता. एकही कळ अडकलेली नाही."

"मग मी व दाबला तरी तेच कसं झालं?"

सोबतीने व आणि प च्या कळांकडे पाहिलं. "व ची कळ म्हणजे इंग्रजी व्ही ची. तिला कंट्रोल कळीची जोड मिळाली, तर कॉपी केलेलं वाक्य चिकटतं. प ला, म्हणजे पी ला मिळाली तर छपाई सुरू होते. संगणक प्रत्येक अक्षर कंट्रोलसह घेतो आहे."

"कंट्रोल म्हणजे काय करते ती?"

"ती मॉडिफायर कळ आहे (स्वतः काही न उमटवता दुसऱ्या कळीचा अर्थ बदलणारी कळ). शिफ्ट आणि ऑल्ट याही तशाच. तुमच्या लिपीतल्या कान्यासारख्या समजा. नुसता काना वाचता येत नाही, पण क ला लागला की का होतो."

शाल्मलीने कीबोर्ड उलटा करून हळूच थोपटला. बिस्किटाचा चुरा पडला, तो तिने ब्रशने साफ केला. कंट्रोल कळ वर-खाली व्यवस्थित होत होती. व दाबला, तर पुन्हा साखर.

"कळ तर वर आहे. मग संगणकाला ती दाबलेली का वाटते?"

"संगणकाला कळ दिसत नाही," सोबती म्हणाला. "त्याला फक्त संदेश येतात. कळ दाबली की एक, 'दाबली'. बोट उचललं की दुसरा, 'सुटली'. या दोन संदेशांच्या मध्ये ती दाबलेलीच आहे असं तो धरून चालतो."

शाल्मलीला शाळेतला खेळ आठवला. कुणी 'स्टॅच्यू' म्हणालं की 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही. एकदा आर्या तिला 'स्टॅच्यू' म्हणाली आणि घंटा झाल्यावर विसरून वर्गात निघून गेली. शाल्मली मैदानावर तशीच उभी. संगणक आत्ता तसाच उभा होता, 'ओव्हर'ची वाट बघत.

"म्हणजे 'सुटली' हा संदेश हरवला?"

आबांनी टेबलावर बोटाने टकटक केलं. ऐकता ऐकता त्यांच्याही हे लक्षात आलं होतं, पण बोलून सांगायला वाट नव्हती. त्यांनी कंट्रोलच्या कळीकडे बोट केलं.

"पुन्हा दाबून सोडली, तर 'सुटली' नव्याने जाईल," शाल्मली म्हणाली. तिने उजव्या बाजूची कंट्रोल कळ दाबून सोडली आणि व दाबून पाहिला.

"चहात साखर कमी घाल."

तिचा चेहरा उतरला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाबा आबांची पिशवी भरायला आत आले. आबांचं बोट मात्र कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाकडे वळलेलं होतं. तिथेही एक कंट्रोल कळ होती.

"पण आबा डाव्या बाजूची कळ कधी दाबतच नाहीत," ती पुटपुटली.

"मी दाबली असेन," सोबती म्हणाला. "सकाळी कीबोर्ड पुसायला मागच्या अंगणात नेला. उचलताना माझी पकड डाव्या खालच्या कोपऱ्यावर होती. अंगणात बिनतारी संदेश पोचत नाहीत. मी तिथे पकड सोडली."

"म्हणजे 'दाबली' घरात पोचलं आणि 'सुटली' अंगणातच राहिलं."

"होय. संगणक डाव्या आणि उजव्या कळीची नोंद वेगवेगळी ठेवतो. एकीचा निरोप दुसरीला लागू होत नाही."

शाल्मलीने डावी कंट्रोल दाबली आणि सोडली. मग कीबोर्ड आबांच्या पुढे सरकवला.

डॉक्टर बाई आत आल्या तेव्हा यंत्र सावकाश बोलत होतं. "वामन त्र्यंबक अळसपुरे. प्रसन्न, ती पिशवी खाली ठेव."

बाबांच्या हातातून पिशवी गळून पडली. ते आबांच्या खुर्चीजवळ खाली बसले.

डॉक्टर बाईंनी आणखी प्रश्न विचारले, हात-पाय, डोळे तपासले. मग त्यांनी शाल्मलीकडून सगळं समजून घेतलं, स्वतः कळा दाबून पाहिल्या आणि गाडी परत पाठवली. "माझी चूक झाली, वामनराव," त्या म्हणाल्या. "उत्तर चुकीचं आलं की माणूसच बिघडला असं मी धरून चालले."

आबांनी उत्तर लिहायला वेळ घेतला. "आकाशातून निरोप आला नाही की आम्ही आधी वाट तपासायचो. यान मेलं असं शेवटी म्हणायचं."

पुढच्या आठवड्यात आजोबा-नात कामाला लागले. शाल्मलीची कल्पना अशी, की कीबोर्डने नुसती बदलाची बातमी देऊन थांबू नये, थोड्या थोड्या वेळाने सगळ्या कळांची हजेरीही द्यावी. कुठली दाबलेली, कुठली मोकळी. मग एखादा निरोप हरवला तरी पुढच्या हजेरीत चूक उघडी पडेल. सोबतीसाठीही तिने एक नियम लिहिला: कुणाचं बोलणं विचित्र वाटलं, तर आधी तेच यंत्र स्वतः वापरून पाहावं.

डॉक्टर बाईंचे आणखी काही रुग्ण अशाच यंत्रांवर बोलायचे. त्यांच्यासाठी ही हजेरी बसवून देता येईल का, असं त्यांनी फोनवर विचारलं.

"आधी तुमचे रुग्ण काय म्हणतात ते विचारा," यंत्र आबांच्या आवाजात म्हणालं, आणि शाल्मलीने कीबोर्ड उघडायला पेचकस उचलला.