रिकामा ठेवलेला वाटा

ऑफिसात समोरून सगळे त्याला साहेब म्हणत आणि पाठीमागे दीडशहाणा. त्या दुपारी तो सर्व्हर रूममध्ये गेला तो अगदी साध्या कामासाठी. पगार विभागाची यंत्रणा रडतखडत चालली होती, तिला थोडी जागा वाढवून द्यायची होती.

सर्व्हर एकच, कपाटाएवढा. त्याच्या पोटात चार वाटे पाडलेले. प्रत्येकाला आपला प्रोसेसर, आपली मेमरी, आणि प्रत्येकाचा समज हाच की अख्खं मशीन आपलंच. ही वाटणी त्याच्या बायकोने केली होती, मुलीपायी इथली नोकरी सोडण्याआधी. त्यातला चौथा वाटा तिने रिकामा ठेवला होता. आत ना कुठला प्रोग्राम, ना कुणाचं काम, आणि तरी तो सदा चालू. असला गबाळा कारभार पाहून त्याने नाक मुरडलं आणि तिला फोन लावला.

"तुझा चौथा वाटा मोडतोय."

"नको... राहू दे तो."

"का? भाडेकरू ठेवलायस?"

"छोटी रात्रभर कुणाशी तरी बोलायची, आठवतं? त्याला कुठेच जागा नव्हती रे. मी तिथे दिली. तेव्हापासून ती झोपायला लागली..."

तो खो खो हसला. एवढी शिकलीसवरलेली बाई आणि अकलेचं हे दिवाळं! फोन ठेवून त्याने एकदा आत डोकावलं. वाटा रिकामाच होता, प्रोसेसर मात्र ऊर फुटेस्तोवर राबत होता. दुसरा कुणी असता तर थबकला असता. याने वाटा मोडला आणि सगळी जागा पगार विभागाला देऊन टाकली.

पंख्यांची घरघर क्षणभर थांबली. गार खोलीत कोंदट अंथरुणाचा वास पसरला. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत तो बाहेर पडला.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. दार उघडून बायको नुसतीच बाजूला झाली. छोटी तिच्या खोलीत पलंगाच्या अगदी कडेला बसली होती. बाकी सगळा पलंग मोकळा. खोलीत तोच कोंदट वास होता.

"काय गं, आईने काय भरवलंय तुझ्या डोक्यात?"

"बाबा, हळू बोल ना... आत्ताच झोपलाय तो."

"कोण?"

"त्याला कुठेच जागा नव्हती." ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणून माझ्यातली दिली."

"पुरे हा चावटपणा," असं म्हणत त्याने तिला झटकन उचललं आणि तो तोल जाऊन मागे धडपडला. सात वर्षांची पोर, सकाळी शाळेच्या गाडीत चढवताना चांगली जड लागली होती. आता तिचं वजन निम्मंही नव्हतं.

"हस की आता," दारातून बायको म्हणाली.

त्याने छोटीला छातीशी घट्ट धरलं. पलंगावरची गादी मधोमध खाली दबलेली होती, आणि हळूहळू आणखी दबत होती.