लेपवाल्या सेन्सरची चिठ्ठी

"वहिनी, खुनाचं प्रकरण दिसतंय," दीर कुजबुजला. समोर बसलेल्या रसायनशास्त्रज्ञांचा चेहराच तसा होता.

"खूनच! माझ्या तीन वर्षांच्या कामाचा!" ते गरजले.

पाणी तपासणाऱ्या सेन्सरवर जंतू चिकटतात, बुळबुळीत थर बसतो आणि मोजमाप चुकतं. जंतू चिकटूच नयेत म्हणून त्यांनी पॉलिमरचा लेप तयार केला होता. एक लेपाचा आणि एक साधा असे दोन सेन्सर महिनाभर तळ्याच्या पाण्यात ठेवले. आज काढले, तर साधा लख्ख आणि लेपाचा बुळबुळीत! उद्या सकाळी समिती पाहणीला येणार होती.

"सेन्सर बनवणाऱ्या इंजिनिअरनं अदलाबदल केलीय. माझा होणारा व्याही! सकाळीच मुलीचं लग्न मोडलं मी."

गुप्तहेर वहिनी दिरासह प्रयोगशाळेत पोचल्या.

"दोन्ही दिसायला सारखेच. ओळखता कसे?"

"लेपवाल्याच्या वायरीवर चिठ्ठी चिकटवलीय. पाण्याच्या वर."

वहिनींनी भिंग धरलं. चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला, डिंकात धूळ.

"लेप कुठवर दिलाय?"

"नखशिखांत! वायरीसकट."

इंजिनिअर फुरंगटून बसला होता. "मी कशाला घात करू? लेप चालला तर सेन्सर माझेच खपणार ना?"

सफाईवाल्या मावशी पदर खोचून उभ्या. "टाकीत हात घालत नाही मी. पडलेलं उचलते, जागच्या जागी ठेवते. एकदा यांचा कागद फेकला, तर आठवडाभर बोलणी खाल्ली."

"वहिनी, मावशींनीच साधा सेन्सर घासला!" दीर म्हणाला.

"भाऊजी, जरा एक डिंक लावलेली कोरी चिठ्ठी द्या."

वहिनींनी ती लख्ख सेन्सरच्या वायरीवर दाबली. चिठ्ठी क्षणभर टिकली आणि घसरून खाली पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली. बुळबुळीत सेन्सरच्या वायरीवर मात्र घट्ट बसली.

"ज्याला जंतू चिकटत नाहीत, त्याला डिंक कसा चिकटेल? चिठ्ठी पहिल्याच दिवशी फरशीवर पडली, म्हणून डिंकात धूळ. मावशींनी उचलली आणि जिथं चिकटली तिथं लावली."

"दुसऱ्यावर राहीचना मेली!" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे लख्ख आहे तोच लेपाचा?" शास्त्रज्ञांना आनंदानं उडी मारायची होती, पण समोर व्याही होते. त्यांनी कान पकडले. "चुकलो. लग्न ठरल्याप्रमाणेच होईल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता.

"बाबा, चिडू नका. तुम्ही लग्न मोडलंत म्हणून आम्ही दुपारीच देवळात लग्न करून टाकलं."