मिटायची खूण

"बरं! गायरानावर सोलार अंथरा. मग आमची मेंढरं काय तुमच्या टेबलावर चरायची?" गायरान सोलार प्रकल्पाला द्यायचा विषय निघताच म्हाकूबाई कोळेकर म्हणाल्या आणि ग्रामसभेत हशा पिकला. मग प्रत्येक जण "बरं, पण..." म्हणत उठला आणि विरोध करून बसला.

इतिवृत्त लिहायला आता कुणी बसत नसे. खूणलेखक नावाचं यंत्र ऐकायचं, पडद्यावर लिहायचं आणि प्रत्येक वाक्याला एक उघडणारी आणि एक मिटणारी अशा दोन अदृश्य खुणा लावायचं. जिल्ह्याचा संगणक फक्त त्या खुणा वाचायचा. गावोगावची वाक्यं वाचायला सवड आहे कुणाला?

सभा संपता संपता पडद्याच्या कोपऱ्यात निकाल उमटला : गायरान द्यायला एकमताने संमती.

ग्रामसेविका वैजयंता चपापली. 'खुणा दाखवा' हे कधी कुणी न वापरलेलं बटण तिनं दाबलं. म्हाकूबाईंच्या वाक्याभोवती अक्षरं उजळली : <संमती> बरं! गायरानावर सोलार अंथरा... </संमती>

"यंत्राला वाटतं, 'बरं' म्हणजे होकार," ती म्हणाली. तिला भयंकर संताप आला होता.

"व्हकार?" म्हाकूबाई कडाडल्या. "आगं, सासूला जल्मभर 'बरं' म्हनले. ऐकलं का येकदा तरी?"

तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी मोहिते हसले नाहीत. "लागलेली खूण बदलता येत नाही, बाई. पाठवून द्या."

"बदलता येत नाही. पण नवी घालता येते ना?"

वैजयंतानं इतिवृत्ताच्या अगदी वर, पहिल्या शब्दाच्याही आधी, टंकलं : <हरकत>. आता सगळी सभा त्या एका खुणेच्या पोटात होती. मिटणारी खूण मात्र तिनं घातली नाही. पडदा लाल झाला : खूण उघडी आहे, कागद स्वीकारता येत नाही.

मोहित्यांचा चेहरा उतरला. कागद गेल्याशिवाय गायरान हलणार नव्हतं, आणि उघडलेली खूण ज्यानं उघडली त्याच्याच अंगठ्याच्या ठशानं मिटायची.

"मिटवा ती. नोकरीला मुकाल."

वैजयंतानं एकवार सभेकडे पाहिलं. कुणीही जागचं हललं नव्हतं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बरं," ती म्हणाली.

सभा हसली, या वेळी जरा मोठ्यानं. यंत्रानं तोही शब्द इमानानं टिपला आणि पुढे नुसतं लुकलुकत राहिलं. भोवती एवढी हरकत उघडी असताना, यालाही ते संमतीच म्हणणार होतं का?